दुकान-वर्कशॉपसाठी सीसीटीव्ही घेताना : कोल्हापूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

कॅमेरे बसवायच्या धंद्यात असल्यामुळे रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतो, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "चार कॅमेऱ्यांचा सेट केवढ्याला पडेल?" भाव सांगण्याआधी मी उलट विचारतो, की उद्या काही झालं तर त्या कॅमेऱ्यानं तुम्हाला नेमकं काय सांगायला हवं? चोराचा चेहरा, नोटांचा हिशेब, गाडीचा नंबर की कामगार किती वाजता आला? या प्रत्येकासाठी कॅमेऱ्याची जागा वेगळी, लेन्स वेगळी. हे ठरलं नसेल तर सोळा कॅमेरे लावूनही ऐन वेळी पडद्यावर टोपी घातलेलं एक डोकं दिसतं, बाकी काही नाही. गुजरीपासून शिरोली एमआयडीसीपर्यंतच्या लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न खाली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. महाद्वार रोडला माझं १२ बाय १८ चं कपड्याचं दुकान आहे. किती कॅमेरे लागतील?

बहुधा चार. पण ते चार कुठले, हे महत्त्वाचं. एक कॅमेरा दारातून आत येणाऱ्याचा चेहरा धरेल असा, दुसरा गल्ल्यावर, तिसरा मागच्या रॅकवर आणि चौथा बाहेरून शटरवर. पैसे कमी असतील तर रॅकचा नंतर लावा. चेहऱ्याचा आणि गल्ल्याचा मात्र पहिल्याच दिवशी हवा.

कोपऱ्यात छताला एकच कॅमेरा लावून "सगळं दुकान येतंय की" म्हणणारे खूप भेटतात. सगळं दुकान येतं हे खरं, पण कुणाचा चेहरा ओळखू येत नाही (का ते प्रश्न ३ मध्ये आहे). चेहऱ्याचा कॅमेरा सात-आठ फूट उंचीवर ठेवा. बारा फूट उंचीवरून तो फक्त भांग दाखवतो.

आज चार कॅमेरे लावत असाल तरी रेकॉर्डर आठ चॅनलचा घ्या. दोन वर्षांत गोडाऊनला पाचवा लागतोच, आणि तेव्हा चार चॅनलचा डबा भंगारात जातो.

२. डीव्हीआर आणि एनव्हीआर यांत फरक काय? दुकानदार एनव्हीआरच घ्या म्हणतोय.

दोन्ही रेकॉर्डिंग साठवणारे डबेच, फरक कॅमेऱ्यांत आणि केबलमध्ये. डीव्हीआरला एचडी अ‍ॅनालॉग कॅमेरे लागतात. केबल गोल, तिला लोक "थ्री प्लस वन" म्हणतात : एका तारेतून चित्र आणि बाकीच्या बारीक तारांतून करंट. एनव्हीआरला आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारे कॅमेरे लागतात. त्यांना नेटवर्कची कॅट-६ केबल जाते आणि पीओई स्विच (नेटवर्कच्या केबली जोडायचा, करंटही देणारा डबा) असेल तर त्याच केबलमधून करंटही मिळतो.

एका गाळ्याच्या दुकानाला चार-पाच कॅमेऱ्यांसाठी डीव्हीआर पुरतो. तो स्वस्त आहे, साधा आहे आणि बिघडला तर कुठलाही फिटर उघडून दुरुस्त करतो. जागा मोठी असेल, दोन-तीन इमारती असतील, आठच्या वर कॅमेरे असतील किंवा गाडीचा नंबर वाचायचा असेल, तर एनव्हीआरकडे जा. मात्र नेटवर्क केबल एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच चालते. त्यापुढे मध्ये स्विच किंवा फायबर लागतं. कोटेशन घेताना हे अंतर टेपनं मोजून घ्या, कारण "असंल की ऐंशी मीटर" असं म्हणत प्रत्यक्षात एकशे तीस निघालेलं मी पाहिलं आहे.

३. २ मेगापिक्सेल बास आहे का, की ५ किंवा ८ घेऊ?

मेगापिक्सेलच्या आधी लेन्स विचारा. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांना २.८ मिलिमीटरची लेन्स असते. ती रुंद दाखवते, म्हणून बघायला छान वाटते, पण रुंद दाखवायचं म्हटलं की प्रत्येक माणूस बारीक होतो.

हिशेब अगदी साधा आहे. अनोळखी माणूस चित्रावरून ओळखायचा असेल, तर तो उभा आहे त्या जागी दर मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल पडायला हवेत. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात हाच आकडा धरला होता. नेहमीच्या ओळखीचा माणूस असेल, म्हणजे आपलाच नोकर किंवा रोजचं गिऱ्हाईक, तर १२५ पुरतात. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. १९२० भागिले २५० म्हणजे साडेसात मीटरच्या आसपास. म्हणजे चित्रात साडेसात मीटरपेक्षा रुंद जागा आली, की अनोळखी चेहऱ्याची खात्री गेली.

आता हे लेन्सला लावू. २.८ ची लेन्स तीन मीटरवर, म्हणजे दहा फुटांवरच तेवढी रुंद जागा पकडते. दहा फुटांपलीकडचा अनोळखी चेहरा तिच्या भरवशावर सोडू नका. ३.६ ची लेन्स साधारण चौदा फुटांपर्यंत नेते आणि ६ मिलिमीटरची पंचवीस फुटांपर्यंत. ८ मेगापिक्सेलला २.८ ची लेन्स असेल तर तोच पल्ला वीस फुटांवर जातो, पण हार्डडिस्क भराभर भरते (प्रश्न ६).

तर दारापासून वीस फुटांवर कॅमेरा लावणार असाल, तर ८ मेगापिक्सेलवर पैसे घालण्याआधी २ मेगापिक्सेलचाच ६ मिलिमीटरचा मागून बघा. तो नेहमीच्या स्टॉकमध्ये नसतो. दुकानदार "कशाला, हाच चालतोय की" म्हणेल. दोन दिवस थांबा आणि तोच मागवा.

४. दिवसा दारातून येणाऱ्यांचे चेहरे काळे दिसतात. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा खराब नाही, उजेड मागून येतोय. रस्त्यावर ऊन आणि आत सावली असली, की कॅमेरा उन्हाला जुळवून घेतो आणि माणूस काळा पडतो. सुरुवातीच्या काळात लक्ष्मीपुरीतल्या एका धान्याच्या दुकानात मी स्वतः असाच कॅमेरा लावला होता. महिनाभर मालकाला फक्त सावल्यांची ये-जा दिसत होती.

घेताना "ट्रू डब्ल्यूडीआर, १२० डीबी" असं लिहिलेला मॉडेल घ्या. डब्ल्यूडीआर म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवायची सोय. नुसतं "डिजिटल डब्ल्यूडीआर" असेल तर फार फरक पडत नाही. आधीच लावलेला असेल तर त्याचं तोंड थोडं बाजूला वळवा, म्हणजे उघडं शटर चित्रात कमी येईल. आतल्या बाजूला दाराजवळ एक चांगला दिवा लावला, तरी अर्धं काम होतं.

५. रात्री रंगीत दिसणारा कॅमेरा घ्यावा का?

रस्त्यावर दिवा असेल किंवा बाहेर रात्रभर बल्ब ठेवायची तयारी असेल, तर जरूर घ्या. चोराचा शर्ट लाल होता की निळा, हे पोलिसांना उपयोगी पडतं. यातले बरेच कॅमेरे अंधारात स्वतःचा पांढरा दिवा लावतात. गल्लीत समोर घराची खिडकी असेल तर दुसऱ्याच रात्री शेजारी येणार, हे धरून चाला. आतल्या भागाला साधा इन्फ्रारेडचा काळा-पांढरा पुरतो.

रात्री चित्र धुरकट दिसतंय अशा तक्रारींत मला सगळ्यांत जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे कोळी. कॅमेऱ्याजवळ किडे जमतात, त्यांच्या मागे कोळी येतो, लेन्ससमोर जाळं विणतो आणि इन्फ्रारेडच्या उजेडात ते जाळं पांढरंफेक दिसतं. महिन्यातून एकदा फडकं मारा.

६. किती दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवावं? हार्डडिस्क केवढी घेऊ?

उलट्या बाजूनं विचार करा : चोरी झाल्याचं तुम्हाला किती दिवसांनी कळतं? गल्ल्यातले पैसे कमी पडले तर त्याच रात्री. रॅकमधल्या साड्या कमी झाल्या तर स्टॉक मोजाल तेव्हा, म्हणजे महिन्यानं, आणि काही ठिकाणी तर दिवाळीनंतरच. रेकॉर्डिंग त्या मुदतीपेक्षा जास्त दिवसांचं हवं. साध्या दुकानाला ३० दिवस ठीक, जिथे तीन महिन्यांनी स्टॉक मोजतात तिथे ९०.

२ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण २ एमबीपीएसवर (म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट माहिती) चालवला, तर दिवसाला २१.६ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांना सुमारे ८६ जीबी. म्हणजे :

१ टीबीमध्ये ११ दिवस,
२ टीबीमध्ये २३ दिवस,
४ टीबीमध्ये दीड महिना.

"१ टीबी टाकलीय, महिनाभर राहतंय" असं कुणी सांगितलं, तर त्यानं एकतर चित्राचा दर्जा खाली आणलाय किंवा फक्त हालचाल झाल्यावर रेकॉर्ड होईल असं सेटिंग केलंय. दुकान बंद असताना हालचालीवरचं रेकॉर्डिंग चालतं. पण दिवसभर गल्ल्यावर सलग रेकॉर्डिंगच ठेवा, कारण हालचाल ओळखण्यात चूक झाली तर नेमका तोच अर्धा मिनिट गायब असतो. रेकॉर्डरमध्ये एच.२६५ (चित्र दाबून कमी जागेत साठवण्याची पद्धत) चा पर्याय असेल तर तो चालू करा. तेवढ्याच दर्जाला जागा बरीच कमी लागते, जवळपास निम्म्यावर येते. फ्रेम सेकंदाला १५ पुरतात. नोटा मोजण्याच्या जागेला तेवढ्या २५ ठेवा.

डिस्क सर्व्हेलन्सचीच घ्या. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते. ती बंद पडली की रेकॉर्डर बीप करत राहतो, आणि दुकानातला कुणीतरी तो बीप कटकट म्हणून बंद करून टाकतो. आठवड्यातून एकदा आठ दिवसांपूर्वीचं रेकॉर्डिंग उघडून बघायची सवय लावा. लाइव्ह चित्र दिसतंय म्हणजे रेकॉर्ड होतंय असं नव्हे.

७. वायफायचा कॅमेरा घेतला तर वायरिंगचा त्रास वाचेल ना?

करंटची वायर त्यालाही लागतेच, फक्त चित्राची वाचते. घरी लहान मुलावर लक्ष ठेवायला तो छान. दुकानाचा मुख्य कॅमेरा म्हणून मी लावत नाही. सणाच्या गर्दीत आजूबाजूच्या सगळ्या दुकानांचे राउटर एकाच पट्ट्यात ओरडत असतात, कॅमेरा तुटतो, पुन्हा जोडतो आणि मधली दोन मिनिटं जातात. लावायचाच असेल तर आत मेमरी कार्ड टाका, म्हणजे वायफाय गेलं तरी रेकॉर्डिंग चालू राहील.

८. लाइट गेल्यावर कॅमेरे बंद पडतात. काय करायचं?

चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर मिळून साधारण ३५ ते ४० वॅट घेतात. कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस, ज्यात ७ एएचची एक बॅटरी असते, तो नवा असताना तासाभराच्या आसपास चालवतो. दुकानात इन्व्हर्टर असेल तर रात्रभराची चिंता नाही, पण तो यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइट जाताना डीव्हीआर झटका खाऊन पुन्हा सुरू होतो. मोबाइलवर बघायचं असेल तर राउटरही त्याच लाइनवर घ्या. बरेच जण कॅमेरे यूपीएसवर ठेवतात आणि राउटर विसरतात.

९. आपल्याकडचा पाऊस आणि पूर बघता वेगळं काही करावं लागतं का?

लागतं, आणि पुण्या-मुंबईचे कंपनीचे लोक हे सांगत नाहीत.

आधी पावसाचं. बाहेरचा कॅमेरा आयपी ६६ किंवा ६७ दर्जाचा घ्या (इथलं "आयपी" म्हणजे पाणी-धूळ अडवण्याचा दर्जा, नेटवर्कचं नव्हे). पण कॅमेऱ्यात पाणी क्वचितच शिरतं. ते शिरतं जोडात. केबलचे जोड उघड्यावर टेप गुंडाळून सोडले, तर जुलैपर्यंत हिरवे पडतात आणि चित्रावर आडव्या रेघा यायला लागतात. प्रत्येक जोड बंद जंक्शन बॉक्समध्ये हवा, आणि केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायला हवा, म्हणजे पाणी झोळातून गळून जातं, भोकातून आत येत नाही. पत्र्यावरून लांब केबल नेली असेल तर वीज पडण्याचा धोका असतो. तिथे सर्ज प्रोटेक्टर आणि खरीखुरी अर्थिंग, दोन्ही लागतात.

आता पुराचं. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दुधाळी या भागांत २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आलं होतं, हे भिंतींवर अजून दिसतं. डीव्हीआर काउंटरखाली ठेवायची पद्धत तिथे सोडून द्या. त्या दोन वर्षांचं पाणी ज्या खुणेपर्यंत आलं, तिच्या वर, माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर तो न्या. कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय आणि स्विचही त्याच उंचीवर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ३९ ची बातमी आली की मेन बंद करून डीव्हीआरच्या मागच्या केबलींवर नंबरच्या चिठ्ठ्या लावून ठेवा. ४३ कडे जायला लागलं, की तो काढून पिशवीत घाला आणि घरी न्या. दहा मिनिटांचं काम आहे. कॅमेरे भिंतीवर राहिले तरी चालतील.

डिस्क भिजलीच, तर ती सुरू करून बघायचा मोह टाळा. उन्हात वाळवूही नका, तांदळात तर अजिबात ठेवू नका. फुटेज खरंच हवं असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा.

१०. चोरानं डीव्हीआरच उचलून नेला तर?

असं होतं, आणि सराईत चोर तो शोधतोच. गल्ल्याच्या शेजारी टीव्ही आणि त्याच्याखाली डीव्हीआर ही सगळ्यांत वाईट जागा. टीव्ही गल्ल्यावर राहू द्या, डीव्हीआर माळ्यावर कुलूपबंद जाळीच्या पेटीत ठेवा. पेटी बंद पत्र्याची नको, आत उष्णता कोंडते. पुराचा भाग असेल तर हीच जागा प्रश्न ९ मध्येही उपयोगी पडते.

दारावरच्या एका आयपी कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकलं, तर डबा गेला तरी त्या एका कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग उरतं. क्लाउडवर सगळं ठेवायला महिन्याचे पैसे आणि चांगला अपलोड स्पीड लागतो. एकाच कॅमेऱ्यापुरतं घेतलं तर परवडतं.

११. गुजरीत सोन्याचं दुकान आहे. वेगळं काय लागेल?

तुमच्याकडची चोरी बहुतेक वेळा रात्री होत नाही. ती भर दुपारी, ट्रेमध्ये हात घालून, खऱ्या अंगठीच्या जागी खोटी ठेवून होते. त्यामुळे चेहऱ्याच्या कॅमेऱ्याइतकाच काउंटरच्या बरोबर वरून खाली बघणारा कॅमेरा महत्त्वाचा. प्रत्येक ट्रेच्या जागेवर एक, लेन्स ४ मिलिमीटर किंवा जास्त, फ्रेम २५. तराजूचा आकडा चित्रात वाचता आला पाहिजे. बसवून झाल्यावर एक चिठ्ठी ट्रेवर ठेवून ती पडद्यावर वाचून बघा. वाचता आली नाही तर फिटरला सोडू नका.

शोकेसच्या एलईडीमुळे चित्रात पट्टे फिरत असतील, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० ऐवजी ५० हर्ट्झ करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. मागच्या खोलीत कारागीर बसत असतील तर भट्टीच्या धुरानं लेन्सवर थर बसतो, आठवड्याला पुसा. हुपरीच्या चांदीवाल्यांनाही हेच लागू. त्यांना फक्त माल आत-बाहेर होण्याच्या दारावर, वजन-काट्याजवळ एक कॅमेरा जास्त लागतो.

१२. शिरोलीत फाउंड्री आहे. तिथे दुकानाचे कॅमेरे चालतील का?

सहा महिने चालतील. वाळूची धूळ, भट्टीची धग आणि क्रेनचा हादरा, या तिन्हींतून डोम (गोल घुमटाचा) कॅमेरा लवकर आंधळा होतो. तिथे बुलेट प्रकारचा (लांबट नळीसारखा), धातूच्या अंगाचा घ्या आणि शेडच्या खांबाऐवजी भिंतीला लावा. वेल्डिंगच्या थेट समोर कॅमेऱ्याचं तोंड नको. केबल मोटारींच्या आणि ड्राइव्हच्या केबलींसोबत एका ट्रेमधून नेऊ नका, चित्रात रेघा येतात.

एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जायचं असेल तर फायबर टाका. दोन शेडची अर्थिंग वेगवेगळी असते, तांब्याच्या तारेतून फरकाचा करंट वाहतो आणि एका गडगडाटात दोन्हीकडचे पोर्ट जळतात. फायबर काचेचं, त्यातून करंट जात नाही. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या मोठ्या कारखान्यांत हे आधीपासून आहे. छोटे लोक खर्च वाचवायला तांब्यावर जातात आणि पहिल्या वळवाच्या पावसात फोन करतात.

१३. गुऱ्हाळघर गावाबाहेर आहे, नेट नाही. काय करू?

सिमकार्डवर चालणारा ४जी कॅमेरा मिळतो, सोलर पॅनेलसह. मेमरी कार्डवर रेकॉर्ड करतो आणि हालचाल झाली की मोबाइलला कळवतो. बॅटरीवरचा असेल तर तो सलग रेकॉर्ड करत नाही, जागा होऊन काही सेकंदांचं टिपतो. पावसाळ्यात सलग ढगाळ दिवसांत बॅटरी उतरते. हंगामापुरता म्हणाल तर उत्तम.

१४. कोणत्या कंपनीचा घ्यायचा? चायनाचे बंद झाले म्हणतात ते खरं का?

देशाच्या नावावर सरसकट बंदी नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयानं ९ एप्रिल २०२४ ला अधिसूचना काढली आणि ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या नव्या चाचण्या सक्तीच्या झाल्या. पासवर्ड, सॉफ्टवेअर अपडेट, आतल्या छुप्या वाटा असं सगळं प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी मिळत नाही. तुमच्या भिंतीवर आधीच असलेले जुने कॅमेरे काढायची गरज नाही, नियम कॅमेरे बनवणाऱ्यांसाठी आणि विकणाऱ्यांसाठी आहे.

घेताना खोक्यावर आणि कॅमेऱ्यावर बीआयएसचा "आर" नं सुरू होणारा नंबर बघा आणि बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा. जुना स्टॉक निम्म्या भावात मिळतोय म्हणून घेऊ नका. कंपनी निवडताना माझी एकच कसोटी : तिचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात किंवा निदान सांगली-बेळगावात आहे का? वॉरंटीसाठी कॅमेरा पुण्याला कुरिअर करावा लागत असेल, तर दोन वर्षांची वॉरंटी कागदावरच राहते.

१५. मोबाइलवर दिसतं, पण दुसऱ्या कुणाला दिसत नसेल ना?

तुमच्या फिटरला नक्की दिसत असेल. तो बसवताना आपल्याच मोबाइलवर खातं उघडतो, "नंतर बदलू" म्हणतो आणि कुणीच बदलत नाही. काम झालं की त्याच्यासमोरच मुख्य पासवर्ड बदला आणि डिव्हाइस स्वतःच्या ई-मेलवर जोडून घ्या. त्याला दुरुस्तीसाठी वेगळं, कमी अधिकारांचं खातं द्या. पासवर्ड लिहून कागद तिजोरीत ठेवा. विसरला तर तो उघडण्यासाठी कंपनीकडे बिल दाखवावं लागतं, म्हणून बिलही तिथेच.

कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला तर काय होतं, हे २०१६ मध्ये जगानं पाहिलं. मिराई नावाच्या व्हायरसनं असे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकडून हल्ले करवून मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. मालकांना पत्ताही नव्हता.

१६. कामगारांवर कॅमेरा लावता येतो का? आवाजही रेकॉर्ड करू का?

कामाच्या जागेवर, गल्ल्यावर, गोडाऊनमध्ये लावता येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्यांची माहिती वापरायला जागा ठेवली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर सवय लावून घ्या : दारावर मराठीत पाटी, कामगारांना आधी सांगणं, आणि फुटेज कोण बघू शकतो ते ठरवणं.

स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, साडीच्या दुकानातली ट्रायल रूम, इथे कॅमेरा म्हणजे थेट गुन्हा. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई दोन्ही लागू शकतात. ट्रायल रूमच्या दाराबाहेरचा कॅमेराही असा वळवा, की पडदा हलला तरी आतलं काही येणार नाही.

आवाजाचं माझं मत स्पष्ट आहे : बंद ठेवा. चोरी आवाजानं पकडली जात नाही, आणि कामगारांचं खासगी बोलणं ऐकत बसलात तर चांगली माणसं सोडून जातात.

१७. माझ्या कॅमेऱ्यात शेजाऱ्याचं दार येतं, तो भांडतोय.

त्याचं ऐका. बहुतेक रेकॉर्डरमध्ये "प्रायव्हसी मास्क" असतो. चित्रातला तेवढा चौकोन काळा करा आणि त्याला पडद्यावर दाखवा. रस्ता आणि स्वतःचं शटर आलं तर हरकत नाही. त्याची खिडकी आणि अंगण येऊ देऊ नका.

१८. पोलिसांनी फुटेज मागितलं. द्यावंच लागतं का, आणि डीव्हीआर घेऊन गेले तर?

तपासासाठी लेखी मागणी करण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नं त्यांना आहे. सहकार्य करा, पण लेखी मागा आणि काय दिलं याची पोच घ्या. डबा जप्त केला तर पंचनाम्यात डीव्हीआर आणि डिस्क दोन्हींचे सीरियल नंबर लिहून घ्या.

पेन ड्राइव्हवरची कॉपी कोर्टात चालायला प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५बी खाली असायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याखालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात : भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं, म्हणजे तुम्ही, भरायचा आणि भाग ब तज्ज्ञानं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. ती एक लांब आकडा-अक्षरांची ओळ असते, फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी बदलते. प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सांगितलं. तो खटला आपल्याच जालन्यातल्या निवडणुकीचा. मूळ यंत्रच कोर्टात आणून मालकानं साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही, असंही त्यात आहे. पोलीस कधी कधी अख्खा डबा का नेतात, ते यावरून लक्षात येईल.

म्हणून कॉपी करताना रेकॉर्डरमधून थेट एक्स्पोर्ट करा. मोबाइलनं पडद्याचं शूटिंग घेऊन दिलेली फाइल तपासाला मदत करेल, पुराव्याला नाही.

१९. डीव्हीआरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे. चालतं ना?

चालत नाही. आरोपीचा वकील पहिला प्रश्न यावरच विचारतो. सेटिंगमध्ये इंटरनेटवरून वेळ घेण्याचा पर्याय चालू करा. नेट नसेल तर पहिल्या तारखेला हातानं जुळवा. लाइट गेली की वेळ मागे जात असेल, तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपली आहे, ती बदलून घ्या. घटना घडल्यानंतर मात्र घड्याळाला हात लावू नका. किती फरक आहे ते मोबाइलच्या वेळेसोबत फोटो काढून ठेवा आणि पोलिसांना सांगा.

२०. चोराचा व्हिडिओ व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू का?

आधी पोलिसांना द्या. "चोर" असं लिहून टाकलात आणि तो माणूस दुसराच निघाला, तर अब्रुनुकसानीची तक्रार तुमच्यावर येईल. बाई किंवा लहान मूल असेल तर अजिबात नको.

२१. नुसता खोटा कॅमेरा लावला तर?

लाल दिवा सतत लुकलुकणारा कॅमेरा खोटा असतो, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. शिवाय चोरी झाल्यावर विश्वासानं फुटेज मागायला येणाऱ्यांना काय सांगणार?

२२. दहा वर्षांपूर्वीचे कॅमेरे आहेत. सगळं काढावं लागेल का?

केबल चांगली असेल तर नाही. जुन्या गोल केबलवर नवे एचडी अ‍ॅनालॉग कॅमेरे आणि नवा डीव्हीआर चालतो. आधी एक कॅमेरा सगळ्यांत लांबच्या केबलवर लावून रात्री बघा. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की करंट जास्त लागतो, आणि केबल बारीक असेल तर कॅमेरा सारखा बंद-चालू होतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे आयपी कॅमेरे आणि एनव्हीआर जोडायचे असतील तर दोन्हींवर "ऑनव्हिफ" लिहिलेलं बघा. चित्र येईल. बाकीच्या खास सोयी येतीलच असं नाही.

२३. कोटेशनमध्ये काय बघायचं?

नुसतं "४ कॅमेरा सेट" लिहिलेलं परत करा. प्रत्येक कॅमेऱ्याचा मॉडेल नंबर, लेन्स, डिस्कची कंपनी आणि टीबी, केबलची कंपनी आणि मीटर, हे वेगवेगळं मागा. भावातली तफावत बहुधा केबलमध्ये लपलेली असते : तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची तार. मीटरला थोडे पैसे वाचतात आणि दोन पावसाळ्यांत जोड तुटतात. एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) घेणार असाल तर त्यात लेन्स पुसणं, रेकॉर्डिंग मागे जाऊन तपासणं आणि घड्याळ बघणं लिहून घ्या. नुसतं "फोन केल्यावर येऊ" एवढ्यासाठी वर्षाचे पैसे कशाला?

२४. गल्ल्यातून पैसे काढताना आमच्याच नात्यातला पोरगा दिसला. पोलिसांत जायचं नाही, पण पुढे काही झालं तर?

हा प्रश्न वर्षातून चार-पाच जण विचारतात, आणि नेहमी रात्री उशिरा. जायचं की नाही हे तुमच्या घरातल्यांनी बसून ठरवा, पण घाई फक्त एका गोष्टीची आहे : डिस्क भरली की डीव्हीआर जुनं पुसत जातो, आणि तुमच्या डिस्कला अकरा दिवस असतील तर अकराव्या दिवशी तो निर्णय तुमच्यासाठी यंत्रच घेऊन मोकळं होतं. म्हणून आज रात्रीच तेवढा भाग, आधीच्या आणि नंतरच्या पंधरा मिनिटांसकट, पेन ड्राइव्हवर घ्या. गल्ल्याचा आणि दाराचा, दोन्ही कॅमेऱ्यांचा. पाकिटावर तारीख लिहून तिजोरीत ठेवा. आणि त्याच्याकडे दुकानाच्या अ‍ॅपचा पासवर्ड असेल, तर तो उद्या सकाळी शटर उघडायच्या आधी बदला.